व्हिडिओ वार्प आणि मॉर्फ करायला परवडणारं सॉफ्टवेअर सुचवा

शनिवारातली | ३ जून, रात्री १०:१८

नमस्कार मंडळी,

पानशेत धरण फुटून पुण्यात आलेल्या पुरावर एक छोटा माहितीपट करतेय. साधारण पंधरा मिनिटांचा. १२ जुलैला आमच्या गल्लीतल्या मंडळाच्या हॉलमध्ये दाखवायचा विचार आहे. पूर पाहिलेली पिढी आता थोडीच उरली आहे, त्यांच्यासमोरच दाखवायचाय, म्हणून घाई.

१९६१ सालचे काही कृष्णधवल फोटो हाताशी आहेत. काही आमच्या घरातले, काही शेजाऱ्यांनी विश्वासाने दिलेले. त्यातले दोन फार चांगले आहेत: एक लकडी पुलाचा, एक ओंकारेश्वराच्या बाजूचा. मला वार्प (चित्र ताणून-ओढून आकार बदलणं) आणि मॉर्फ (एका चित्राचं दुसऱ्यात रूपांतर) वापरून दोन गोष्टी करायच्या आहेत.

पहिली, जुना फोटो हळूहळू वळत, सरकत आजच्या त्याच जागेच्या व्हिडिओत मिसळला पाहिजे. साधं डिझॉल्व्ह (एक चित्र विरत दुसरं उमटणं) करून पाहिलं तर पुलाच्या कमानी दोन-दोन दिसतात आणि सगळं धूसर होतं.

दुसरी, आजीचा विशीतला फोटो आणि तिची आजची मुलाखत. फोटोतला चेहरा आजच्या चेहऱ्यात उतरावा आणि ती बोलायला लागावी.

लॅपटॉप विंडोजचा, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. शूटिंग फोनवर, ट्रायपॉड आहे. खर्च फार तर तीन हजार, तोही एकदाच. दर महिन्याचं भाडं नको. काय वापरू?

रीळ | ३ जून, रात्री १०:४५

विषय जवळचा आहे, नक्की करा.

धंद्यात हे काम बहुतेक आफ्टर इफेक्ट्समध्ये होतं. त्यात मेश वार्प आणि रीशेप हे इफेक्ट आधीपासूनच असतात. खास मॉर्फिंगसाठी री:फ्लेक्स नावाचं प्लगइन आहे, त्याचं काम अतिशय सफाईदार असतं. पण मूळ सॉफ्टवेअर भाड्याचं आणि प्लगइन वेगळं विकत घ्यायचं, म्हणजे तुमच्या अटीत दोन्ही बसत नाहीत. सिल्हूटमध्येही मॉर्फचा उत्तम नोड (एकेक काम करणारा ठोकळा) आहे, पण ते मोठ्या स्टुडिओंच्या खिशाचं काम.

खडकीचा_पोस्टमन | ३ जून, रात्री ११:०२

एकाच महिन्याचं भाडं भरून काम उरकायचं आणि बंद करायचं, असं नाही का करता येणार?

रीळ | ३ जून, रात्री ११:१०

येतं, पण घेताना नीट वाचून घ्या. खरंखुरं महिन्याचं भाडं वेगळं आणि वर्षाचा करार करून महिन्याच्या हप्त्याने भरायचं ते वेगळं. दुसरं स्वस्त दिसतं, पण मध्येच सोडलं तर रद्द करण्याचे पैसे लागतात.

नोडवाला | ३ जून, रात्री ११:५२

ताई, एक रुपयाही खर्च करू नका. दाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती घ्या. स्टुडिओ आवृत्ती २९५ डॉलरना मिळते, एकदाच भरायचे, पण तुमच्या कामाला तिची गरज नाही. मोफत आवृत्तीतून ३८४० बाय २१६० पर्यंत व्हिडिओ निघतो, त्यावर वॉटरमार्क येत नाही, आणि इफेक्टसाठी फ्युजन नावाचं पूर्ण पान आत असतं. त्या फ्युजनमध्ये ग्रिड वार्प हा नोड आहे. तुमचं काम तोच करणार.

आधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, म्हणजे पुढे कुठलंही सॉफ्टवेअर घेतलं तरी अडणार नाही. मॉर्फ ही एक क्रिया नाही, तीन क्रिया एकाच वेळी चालतात. जुना फोटो ताणत-ताणत आजच्या चित्राच्या आकारात जातो. आजचा व्हिडिओ सुरुवातीलाच जुन्या फोटोच्या आकारात ताणून ठेवलेला असतो आणि तो सैल होत स्वतःच्या मूळ आकारात येतो. आणि या दोघांमध्ये डिझॉल्व्ह होतो. रबरी पडद्यावर काढलेली दोन चित्रं सारखीच ओढली, तर नाकावर नाक आणि कमानीवर कमान राहते, तसं. बरेच जण फक्त जुन्या फोटोला वार्प देतात आणि व्हिडिओ तसाच ठेवतात. मग मधल्या क्षणी कडा दुहेरी दिसतात.

फ्युजनमध्ये मांडणी अशी: फोटोच्या पुढे एक ग्रिड वार्प, व्हिडिओच्या पुढे दुसरा ग्रिड वार्प, दोन्ही एका डिझॉल्व्ह नोडमध्ये. ग्रिड वार्पला दोन जाळ्या असतात, एक मूळ आणि एक जिथे न्यायचंय ती. कीफ्रेम (कुठल्या क्षणी जाळी कुठे, याच्या खुणा) दुसऱ्या जाळीला द्यायच्या. जाळी सुरुवातीला अगदी विरळ ठेवा. बारीक जाळी घेतली की एकेक बिंदू हलवताना चित्राला सुरकुत्या पडतात.

व्हिडिओ ट्रायपॉडवरचा असेल तर तो गोठवायची गरज नाही. जाळी स्थिर आणि तिच्या आत गाड्या चालू, हे छान दिसतं. जुन्या फोटोत रिक्षा शिरतेय असं वाटतं.

शनिवारातली | ४ जून, सकाळी ७:३०

केवढं सविस्तर! रबरी पडद्यामुळे एकदम डोक्यात शिरलं. पण ८ जीबी रॅमवर रिझॉल्व्ह चालेल का?

नोडवाला | ४ जून, सकाळी ८:०५

चालेल, पण रडत-कढत. किमान १६ जीबी हवी, फ्युजन वापरायचं तर ३२ असेल तर बरं. मार्ग असा की अख्खा माहितीपट त्यात कापायचाच नाही. फक्त चार-पाच सेकंदांचा मॉर्फचा तुकडा ७२० च्या टाइमलाइनवर जुळवा, शेवटी पूर्ण आकारात रेंडर करा आणि बाकीचं संकलन दुसरीकडे.

नाहीतर फ्युजन ९ ही २०१७ सालची सुटी आवृत्ती मोफत निघाली होती. तिच्यात रिझॉल्व्हचं ओझं नाही, ती जुन्या मशिनवर बरी चालते.

लिनक्सवेडा | ४ जून, सकाळी ९:४०

मुक्त स्रोतवाल्यांची हजेरी लागलीच पाहिजे :)

१. ब्लेंडर, त्रिमितीय चित्रांचं सॉफ्टवेअर. फोटो एका प्लेनवर (सपाट पृष्ठावर) लावा, प्लेनचे भाग पाडा, शेप की (बदललेले आकार) द्या. व्हिडिओही टेक्स्चर म्हणून तसाच लावता येतो. शिकायला वेळ लागतो, पण एकदा जमलं की वार्पवर जेवढा ताबा इथे मिळतो तेवढा पैसे देऊनही मिळत नाही.

२. जी'मिक. फ्रान्समधल्या काँ शहरातल्या प्रयोगशाळेतून आलेला फिल्टरांचा संच. गिंप या चित्रं सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये बसतो आणि त्यात दोन चित्रांमध्ये मॉर्फ करायची सोय आहे. मधल्या फ्रेम वेगवेगळ्या चित्रांच्या रूपात मिळतात. २५ फ्रेमच्या हिशेबाने चार सेकंदांना १०० पीएनजी फाइल. त्या केडेनलाइव्हमध्ये ओळीने आणल्या की झाला व्हिडिओ. ८ जीबीवर आरामात.

३. नेट्रॉन. नोडवर चालणारं आहे, त्यात चित्र वाकवायचे कॉर्नर पिन, आयडिस्टॉर्ट, एसटीमॅप असे नोड मिळतात. पण बिंदू ओढून मॉर्फ करायला सोपं नाही, म्हणून तुम्हाला सुचवत नाही.

संकलनाला केडेनलाइव्ह किंवा शॉटकट. दोन्ही मोफत, दोन्ही हलकी.

रीळ | ४ जून, सकाळी १०:१५

विनमॉर्फ कुणाला आठवतं का? डीबगमोडवाल्यांचं, पूर्ण मोफत. कडांवर रेषा काढायच्या आणि दुसऱ्या चित्रात त्याच रेषा योग्य जागी ठेवायच्या. व्हिडिओवरही चालायचं. आता खूप जुनं झालंय, पण साध्या कामाला अजूनही बघण्यासारखं आहे.

रेषांच्या जोड्या देऊन मॉर्फ करायची ही पद्धत थॅडियस बायर आणि शॉन नीली यांनी १९९२ च्या सिग्राफ या संगणकीय चित्रांच्या परिषदेत मांडली. त्याआधी जाळीच ओढावी लागायची. पुलाची कठडेरेषा, छपराची रेषा, नदीचा काठ अशा सरळ रेषा जिथे भरपूर, तिथे रेषांची पद्धत जाळीपेक्षा नैसर्गिक वाटते.

कोथरूडची_माऊ | ४ जून, दुपारी १२:२०

एवढा खटाटोप का करायचा? आता एआय आहे ना! पहिली फ्रेम द्या, शेवटची फ्रेम द्या, मधलं सगळं आपोआप तयार होतं. माझ्या भाचीच्या लग्नाच्या व्हिडिओला लहानपणचा फोटो ते नवरी असं केलं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी.

पर्वतीपायथा | ४ जून, दुपारी १:०५

माऊताई, लग्नाच्या व्हिडिओला ठीक आहे, तिथे भावना पोचली की काम झालं. इथे मात्र मी कडाडून विरोध करेन. त्या दोन फ्रेमच्या मध्ये यंत्र जे भरतं ते कुठेच नसतं, ते कल्पून भरलेलं असतं. लकडी पुलाच्या फोटोत नसलेली खिडकी येईल, नसलेला माणूस येईल. हॉलमध्ये समोर बसणाऱ्यांनी तो पूर डोळ्यांनी पाहिलाय. त्यांना पुरातलं खोटं घर दाखवायचं?

वार्प फक्त आहे तेच सरकवतो. नवीन काही निर्माण करत नाही. हा फरक माहितीपटात फार मोठा आहे.

कोथरूडची_माऊ | ४ जून, दुपारी १:२०

मुद्दा मान्य. पण खाली "हे दृश्य संगणकाने तयार केलेले आहे" अशी ओळ टाकली तर?

पर्वतीपायथा | ४ जून, दुपारी १:४८

ओळ टाकलीच पाहिजे, पण ओळ वाचली जाते एकदा आणि चित्र लक्षात राहतं कायमचं. उद्या तोच तुकडा कुणीतरी कापून व्हॉट्सअॅपवर टाकला की ओळही गेली. पानशेतचे फोटो आधीच इतके उलटसुलट फिरतात की १९६१ च्या नावाखाली दुसऱ्याच पुराचे चालून जातात. त्यात आपण भर नको.

आता मूळ प्रश्नाकडे, कारण मला वाटतं सॉफ्टवेअर हा इथला खरा प्रश्नच नाही. कॅमेरा कुठे उभा करायचा हा आहे. मी जुन्या पुण्याच्या फोटोंच्या जागा शोधून पुन्हा फोटो काढतो, त्यावरून सांगतो.

चित्रातलं जवळ-लांबचं नातं फक्त तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, लेन्सवर नाही. जागा चुकली तर पुलाचा खांब मागच्या देवळाला झाकेल किंवा झाकायचं ते उघडं पडेल, आणि ते कुठल्याच वार्पने सुधारत नाही. वार्पला चित्र ओढता येतं, पण खांबामागे लपलेलं देऊळ बाहेर काढता येत नाही.

म्हणून फोटोत एक जवळची वस्तू आणि तिच्या मागे एक लांबची वस्तू शोधा, जी आजही आहे. पुलाचा एखादा दगडी खांब आणि मागचं शिखर, असं काहीतरी. दोघांमधलं अंतर फोटोत जेवढं दिसतं तेवढं दिसेपर्यंत डावी-उजवीकडे चाला. मग अशीच दुसरी जोडी घ्या. दोन्ही जोड्या जुळल्या की तुम्ही जवळपास त्याच माणसाच्या पावलावर उभ्या आहात. उंचीही बघा. पुराचे बरेच फोटो गच्चीवरून किंवा पहिल्या मजल्याच्या खिडकीतून काढलेले असतात, खाली तर पाणीच होतं.

फोनवर ओपन कॅमेरा नावाचं मोफत अॅप टाका. त्यात जुना फोटो पडद्यावर अर्धपारदर्शक दिसत राहील अशी सोय आहे. आणि फोनच्या मुख्य लेन्सने काढू नका, ती खूप रुंद बघते. दुप्पट झूमवर घ्या. त्या काळच्या चौकोनी फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या लेन्सची नजर त्याच्या जवळपास जाते. तुमचे फोटो चौकोनी आहेत का?

शनिवारातली | ४ जून, दुपारी ३:१०

हो! लकडी पुलाचा अगदी चौकोनी आहे. आणि हो, वरूनच काढलेला वाटतो. हे सगळं माझ्या डोक्यातच नव्हतं. पण एक अडचण: आता तिथे नदीपात्रातून मेट्रो जाते, झेड ब्रिज आहे, झाडं वाढलीत. फोटोतलं निम्मं दिसतच नाही.

नोडवाला | ४ जून, दुपारी ३:४४

त्याचं वाईट वाटून घेऊ नका, तेच तर दाखवायचंय. १९६१ मध्ये झेड ब्रिज नव्हता आणि मेट्रोही नव्हती. जे जुळतं तेवढंच जुळवा: पुलाची रेषा, काठ, क्षितिज, एखादं शिखर. जे नवीन आहे त्याला मास्क लावून (तेवढाच भाग झाकून) वेगळं ठेवा आणि सगळ्यात शेवटी उगवू द्या. सगळं चित्र एकाच वेगाने बदललं की ते यांत्रिक वाटतं. आधी पूल बसू दे, मग काठ, मग आकाश, मग मेट्रो.

ओंकारेश्वरकर | ४ जून, सायंकाळी ६:३०

मी सॉफ्टवेअरमधला नाही, नातवाने हा धागा दाखवला म्हणून लिहितो.

त्या दिवशी मी शाळकरी होतो. सकाळीच पानशेत फुटल्याची बातमी आली. घरातली मोठी माणसं म्हणाली, इतकं पाणी इथवर यायचं नाही. मग खडकवासला धरणही गेलं. आम्हाला आईने पर्वतीकडे काढलं, आजोबा मात्र देवघर सोडेनात, त्यांना शेजाऱ्यांनी उचलून नेलं. परत आलो तेव्हा घरात गुडघाभर चिखल आणि भिंतीवर पाण्याची ओळ. ती ओळ पुढे कितीदा चुना लावला तरी पावसाळ्यात उमटायची.

लोक पुराच्या पाण्याचं बोलतात, पण त्यानंतरच्या पाण्याचं कुणी बोलत नाही. धरण गेल्यामुळे शहराला प्यायलाच पाणी राहिलं नाही. विहिरींवर रांगा लागायच्या. आमचे काही नातेवाईक गोखलेनगरच्या पूरग्रस्त वसाहतीत गेले ते कायमचेच.

बाई, तुमच्या चित्रपटात ती भिंतीवरची ओळ दाखवता आली तर दाखवा.

शनिवारातली | ४ जून, सायंकाळी ७:१५

काका, तुमचा प्रतिसाद आजीला वाचून दाखवला. ती म्हणाली, "विहिरीच्या रांगेचं लिही, ते सगळे विसरतात." तुमची परवानगी असेल तर मुलाखतीला येऊ का? व्यक्तिगत निरोपात नंबर पाठवते.

ओंकारेश्वरकर | ४ जून, रात्री ८:००

जरूर या. सकाळी नऊनंतर केव्हाही.

मृण्मयी_२१ | ४ जून, रात्री ८:२०

काकांचा प्रतिसाद वाचून अंगावर काटा आला. वाचतेय, धागा वर ठेवा.

सापशिडी | ४ जून, रात्री ९:३५

ओळीवरून सुचलं. पुराचं पाणी मॉर्फ करू नका. पाण्याला कडा नसतात, जाळी ओढली की लाटा चिकट दिसतात. त्याऐवजी जुन्या फोटोचा पाण्याचा भाग वेगळ्या थरावर घ्या आणि मास्कची वरची कड हळूहळू खाली आणा. जुनं पाणी उतरत जाईल आणि खालून आजचा रस्ता, आजची नदी उघडी पडेल. पूल आणि इमारती मात्र वार्पनेच बसवा.

आता चेहऱ्याबद्दल, त्यावर कुणी बोललंच नाही. मी पायथनमध्ये करतो. मीडियापाइप या संचातला फेस मेश चेहऱ्यावर ४६८ बिंदू शोधतो. दोन्ही चेहऱ्यांवरचे बिंदू मिळाले की त्यांचे त्रिकोण पाडायचे आणि ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीने एकेक त्रिकोण सरकवायचा. व्हिडिओत डोकं हललं तरी दर फ्रेमला बिंदू नव्याने सापडतात. सगळं मोफत, साध्या लॅपटॉपवर चालतं. स्क्रिप्ट हवी असेल तर देईन.

रीळ | ४ जून, रात्री १०:००

स्क्रिप्ट चांगलीच, पण त्याच्याही आधी शूटिंगमध्ये अर्धं काम करून घ्या. आजींचा जुना फोटो बघा: चेहरा कुठल्या बाजूला वळलाय, उजेड कुठून येतोय, हनुवटी वर आहे की खाली. मुलाखतीच्या सुरुवातीला त्यांना तसंच बसवा, खिडकीचा उजेड त्याच बाजूने घ्या आणि बोलायच्या आधी काही क्षण शांत बघायला सांगा. त्या शांत क्षणात मॉर्फ संपवायचा. मग डोकं हलायचा प्रश्नच उरत नाही, ग्रिड वार्पही पुरेल.

डोळे आणि ओठांचे कोपरे सगळ्यात आधी जुळवा. केस, पदर, मागची भिंत यांच्याकडे बघणाऱ्याचं लक्ष नसतं, तिथे साधा डिझॉल्व्ह चालतो.

कोथरूडची_माऊ | ४ जून, रात्री १०:२५

चेहऱ्यासाठी तरी एआय चालेल ना? मधल्या फ्रेम भरणारं रिफ नावाचं आहे, मोफत, फ्लोफ्रेम्समधून विंडोजवर चालतं.

सापशिडी | ४ जून, रात्री १०:५०

रिफ चांगलं आहे, पण ते शेजारशेजारच्या दोन फ्रेममधली हालचाल ओळखून मधली फ्रेम काढतं. विशीतला आणि ऐंशीतला चेहरा यांत हालचाल नाही, सगळाच फरक आहे. तिथे ते चिखल करतं. मॉर्फ झाल्यावर हालचाल अडखळत असेल तर ती गुळगुळीत करायला मात्र वापरा, त्याला माझी हरकत नाही.

शनिवारातली | ४ जून, रात्री ११:३०

एआयबद्दल घरीच विचारलं. आजीला मोबाइलवर एका ओळखीच्या मुलाने केलेला तसला तुकडा दाखवला, तिच्याच फोटोवरून. ती बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मधली ही बाई कोण?" विषय संपला. वार्पच करणार.

कोथरूडची_माऊ | ४ जून, रात्री ११:३८

आजींपुढे माझं काही चालणार नाही. पटलं, अगदी मनापासून.

वकीलसाहेब_नारायणपेठ | ५ जून, सकाळी १०:१०

फोटोंच्या हक्काबद्दल थोडं. घरचे आणि शेजाऱ्यांचे फोटो त्यांच्या परवानगीने वापरताय, उत्तम. परवानगी दोन ओळी लिहूनच घ्या. पण जुन्या वर्तमानपत्रातला किंवा पुस्तकातला फोटो "साठ वर्षं झाली, आता सगळ्यांचा" म्हणून उचलू नका. पूर्वी छायाचित्राला प्रसिद्धीपासून ६० वर्षं धरायचे. २०१२ च्या दुरुस्तीत ते कलम काढून टाकलं. आता छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरली जातात. १९६१ मध्ये छापलेल्या फोटोचा हक्क २०१२ मध्ये जिवंत होता, म्हणजे त्यालाही हेच लागू.

शनिवारातली | ५ जून, सकाळी १०:४०

धन्यवाद, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. एक वर्तमानपत्रातला फोटो घ्यायच्या बेतात होते. आता ज्यांची लेखी परवानगी आहे तेवढेच घेते.

खडकीचा_पोस्टमन | ५ जून, सकाळी ११:३०

न्यूक हे इफेक्टचं सॉफ्टवेअर राहिलं. त्याची बिनव्यावसायिक आवृत्ती मोफत आहे आणि त्यात स्प्लाइन वार्प मिळतो, जो मॉर्फसाठीच आहे. १९२० बाय १०८० पर्यंत निघतं, हॉलला पुष्कळ.

नोडवाला | ५ जून, सकाळी ११:५५

पोस्टमनसाहेबांशी सहमत, स्प्लाइन वार्प सुंदर आहे. दोन अडचणी: त्यातून थेट एच२६४ प्रकारचा व्हिडिओ निघत नाही, चित्रांची मालिका काढून दुसरीकडे जोडावी लागते. आणि उद्या एखाद्या संस्थेने मानधन देऊन माहितीपट मागितला तर परवान्यात बसणार नाही. रिझॉल्व्हच्या मोफत आवृत्तीला ही अट नाही.

ढोलताशा | ५ जून, दुपारी २:१५

थोडं अवांतर. मंडळाचा हॉल म्हणालात, प्रोजेक्टर कुठे ठेवणार? आमच्याकडे गणपतीत देखाव्याच्या भिंतीवर व्हिडिओ पाडतो तेव्हा वार्पचं दुसरं काम लागतं, भिंत वाकडी असते म्हणून चित्र उलटं वाकडं करून पाडायचं. त्याला मॅपमॅप मोफत आहे. तुम्हाला सपाट पडदा असेल तर प्रोजेक्टरची कीस्टोन सोय (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करणारी) पुरे, पण ती फार वापरली की चित्र मऊ पडतं. टेबल उंच करून प्रोजेक्टर पडद्यासमोर सरळ ठेवणं कधीही चांगलं. टेबल आमच्या मंडळाचं घेऊन जा.

शनिवारातली | ५ जून, दुपारी २:४०

टेबल नक्की घेते :) कुठे यायचं ते निरोपात कळवा.

पर्वतीपायथा | ७ जून, रात्री ९:००

शनिवारातली, जागा सापडली का?

शनिवारातली | ८ जून, रात्री १०:५०

सापडली! तुम्ही सांगितलेल्या जवळ-लांबच्या जोड्यांनी. फोटो काढणारा नदीच्या शनिवार पेठेकडच्या बाजूला, एका घराच्या वरच्या मजल्यावर असावा. ते घर आता नाही, तिथे इमारत झालीये. तिथल्या आजोबांनी तिसऱ्या मजल्यावरची गॅलरी उघडून दिली आणि चहाही दिला. ओपन कॅमेऱ्यात जुना फोटो ठेवून दुप्पट झूमवर घेतलं. पुलाची रेषा जवळजवळ न ओढताच बसली.

रिझॉल्व्ह लॅपटॉपवर फारच अडखळलं, म्हणून फ्युजन ९ घेतलं. विरळ जाळी, दोन्ही बाजूंना वार्प, मेट्रो शेवटी. पाणी सापशिडी यांच्या पद्धतीने मास्कने उतरवलं. संकलन शॉटकटमध्ये. खर्च शून्य.

आता फक्त एकच अडलंय: हुगिन वापरून फोटो आधीच नेमका बसवून घ्यावा का, असं एकाने सुचवलं. ओंकारेश्वराच्या फोटोत जागा थोडी चुकलीच आहे, तिथे पुन्हा जाता येत नाहीये, गच्ची कुलूपबंद आहे.

पर्वतीपायथा | ८ जून, रात्री ११:१५

हुगिन घ्याच. पॅनोरमा जोडायचं मोफत सॉफ्टवेअर आहे. दोन्ही चित्रांवर तेच-तेच बिंदू दाखवायचे, ते लेन्सचा आणि कॅमेऱ्याच्या कलण्याचा हिशेब करून फोटो बसवून देतं. शिखराचे टोक, खिडक्यांचे कोपरे, दगडी पायऱ्यांच्या कडा असे पक्के बिंदू घ्या. झाडं आणि पाणी घेऊ नका. त्यानंतर ग्रिड वार्पला अगदी थोडं काम उरेल. जे खांबामागे लपलंय ते मात्र येणार नाही, तेवढा भाग डिझॉल्व्हमध्ये जाऊ द्या.

लिनक्सवेडा | ८ जून, रात्री ११:२०

हुगिनमधून १६ बिटची टिफ काढा, जेपीजी नको. जुन्या फोटोतल्या काळ्या भागात आधीच फार कमी तपशील उरलेला असतो.

सापशिडी | ९ जून, सकाळी ८:१०

आजींच्या चेहऱ्याची स्क्रिप्ट निरोपात पाठवलीय. पहिल्या ओळीत दोन फाइलींची नावं बदला, बाकी हात लावायची गरज नाही. जुना फोटो स्कॅन करताना ६०० डीपीआयला करा, मोबाइलने फोटोचा फोटो काढू नका. कागदाचा बाक आला की बिंदू सरकतात.

शनिवारातली | ९ जून, सकाळी ८:३५

मिळाली. आज संध्याकाळी स्कॅन करते. ओंकारेश्वरकर काका, शनिवारी सकाळी नऊला येतेय, भिंतीवरच्या ओळीबद्दल सविस्तर विचारायचंय.